आठाने भागायचं राहिलं

चूक माझी होती आणि ती भागाकाराची होती. आठाने भागायचं राहिलं. एवढं लिहून हे प्रकरण संपवता आलं असतं, आणि इतकी वर्षं मी ते तसंच संपवत आलो. कुणी विषय काढलाच तर 'अरे, मी तेव्हा बिट आणि बाइटमध्ये गोंधळ केलेला' असं म्हणायचं, इतरांच्या आधी आपणच हसायचं आणि चहा मागवायचा. पण भागाकार चुकल्यावर दोनेक मिनिटांत मी आणखी एक गोष्ट केली, आणि तिला चूक म्हणता येत नाही. ती मी समजून-उमजून केली. माझ्या बायकोलाही ती ठाऊक नाही. तिला वाटतं, मला मत्स्यालयांची किळस आहे.

तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला तीन मजल्यांच्या एका इमारतीत राहायचो, पहिल्या मजल्यावर. आमच्याकडे फोन होता. हे वाक्य आज माझ्या मुलीला सांगितलं तर ती 'मग?' म्हणते. मग काय, अख्ख्या इमारतीत तो एकच होता. बाबांनी अर्ज केला तेव्हा मी रांगत होतो आणि फोन आला तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. बैठकीच्या खोलीत एका उंच स्टुलावर, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो बसायचा. निम्म्या इमारतीच्या नोकरीच्या अर्जांवर आणि लग्नाच्या स्थळांना दिलेल्या कागदांवर आमचा नंबर असे आणि पुढे 'पीपी' ही दोन अक्षरं, म्हणजे फोन दुसऱ्याचा आहे, बोलवून देतील. बोलवून देण्याचं खातं आईकडे होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून पाण्याचा लोखंडी पाइप वरच्या टाकीपर्यंत गेलेला होता. आई गॅसजवळची सांडशी घ्यायची, खिडकीतून हात बाहेर काढायची आणि पाइपावर ठोके द्यायची. दुसऱ्या मजल्याला दोन, तिसऱ्याला तीन. तळमजल्याला ठोके नसत, त्यांना नुसती हाक. ठोके पडले की वर कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज, मग दाराची कडी, मग जिन्यात धावत्या चपला. आणि आई रिसीव्हरमध्ये आवाज चढवून म्हणायची, "येतायत हं, तिसऱ्या मजल्यावरून येतायत, धरून ठेवा!" जणू पलीकडच्या माणसाच्या हातात दोरच दिलाय. फोडणीचा चटका बसला तरी आईने कुणाचा फोन चुकवला नाही. मी पुढे याच धंद्यात आलो, म्हणून एकदा गंमत म्हणून हिशेब केला होता. त्या पाइपाचा वेग सेकंदाला फार तर दोन बिट असेल. पण त्या लाइनवर निरोप हरवल्याचं मला आठवत नाही. हरवला तो माझ्या लाइनवर.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घरात संगणक आला होता. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने तो जुळवून दिला होता. आईने मॉनिटरला फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं, तळाला झालर लावून. (त्या झालरीला विसरू नका.) मग मोडेम आला. ही डबी फोनच्या वायरला जोडायची, नंबर लावायचा, की ती आधी कोकलायची, मग शिट्टी फुंकायची आणि शेवटी वाळू चाळल्यासारखा आवाज करत गप्प व्हायची. आई म्हणायची, "त्याला कुठे दुखतंय का रे?" तो जोडलेला असेपर्यंत घरचा फोन बंद, बाहेरून कुणी केला तर 'व्यस्त' ऐकू येणार. त्यामुळे आईचा हुकूम होता, रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास, जास्त नाही. दिवसा फोन इमारतीचा.

मी इमारतीत हुशार समजला जायचो. हा समज मीच पसरवला होता. कुणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या की मला बोलवायचे, आणि मी मागची वायर काढून परत लावायचो आणि 'सिग्नलचा प्रॉब्लेम' म्हणायचो. लोक मान डोलवायचे. संगणक आल्यापासून तर माझ्या तोंडी मेगाबाइटशिवाय भाषाच नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर सुलभाताई राहायची, ती आणि तिची आई. कल्याणला एका बँकेत नोकरी, आणि बँकेबाहेरचा सगळा वेळ नाटक. हौशी संस्थेच्या तालमी, स्पर्धा, आणि गणपतीत इमारतीतल्या पोरांचं नाटक बसवायचं. शाळेत असताना माझं वक्तृत्व तिनेच घडवलं होतं. मला गच्चीवर एका टोकाला उभं करून ती दुसऱ्या टोकाला टाकीपाशी जायची आणि ओरडायची, "पुटपुटू नकोस! शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलंय!" मला तिच्याबद्दल जे वाटायचं त्याला नुसता आदर म्हणणं खोटं होईल, पण आता ते उकरण्यात अर्थ नाही. ती माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी होती आणि मला 'अरे बाळा' म्हणायची.

त्या वर्षी एका व्यावसायिक नाटकात तिची बदली म्हणून निवड झाली होती. मुख्य बाईंना काही झालं तर उभं राहायचं. तिला सगळं नाटक पाठ होतं, इतरांच्या वाक्यांसकट. पण त्या बाई ठणठणीत होत्या. सुलभाताईच म्हणायची, "बदली बाई विंगेत नुसती दिसली ना, की मुख्य बाईंचा ताप उतरतो. म्हणून व्यवस्थापकांनी बजावलंय, बोलावल्याशिवाय फिरकायचं नाही."

आणि एका शनिवारी बाईंचा आवाज खरंच बसला. रविवारी दुपारी ठाण्यात प्रयोग होता. व्यवस्थापकांनी सुलभाताईला बँकेत फोन करून सांगितलं, सकाळी डॉक्टर काय म्हणतात ते बघून अकरा ते बारामध्ये फोन करतो. तयार राहा, फोन आला की निघा. नाही लागला तर मला दुसरी सोय करावी लागेल.

नेमक्या त्याच रविवारी कळव्याला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. आई निघताना पायरीवर थांबून म्हणाली, "मिलिंद, भात आणि वालाचं बिरडं करून ठेवलंय. आणि हे बघ, फोनपासून हलू नकोस. सुलभाचा फोन येणार आहे. आला की तीन ठोके. सांडशी ओट्यावर ठेवलीय."

"माहितीय गं आई."

"माहितीय नको, ऐकतोय म्हण."

"ऐकतोय."

आई-बाबा गेले आणि पाठोपाठ पक्या आला. पक्या माझा वर्गमित्र, पलीकडच्या गल्लीतला. त्याने कुठल्याशा मासिकातून एका साइटचा पत्ता आणला होता. तिथून एक चीज फुकट उतरवता यायची. संगणक रिकामा असला की पडद्यावर समुद्राचा तळ दिसणार, रंगीत मासे पोहणार, आणि बुडबुड्यांचा आवाजसुद्धा येणार.

"मिल्या, घरी कोणी नाही. आज नाही तर कधीच नाही," पक्या म्हणाला.

"अरे, फोन यायचाय."

"किती वेळ लागेल ते तर बघ, भाई! तुझं गणित आहे ना एक नंबर?"

माझ्या गणिताला हात घातल्यावर मी मागे हटणं शक्य नव्हतं. फाइल सोळा मेगाबाइटची. मोडेमवर लिहिलेलं तेहतीस के. सोळा हजार भागिले तेहतीस. मी तोंडी केलं. चारशे ऐंशी-पंच्याऐंशी सेकंद. "आठ मिनिटं," मी म्हणालो आणि घड्याळात पाहिलं. अकराला दहा मिनिटं कमी होती. फोन यायच्या वेळेआधी मासे घरात आणि लाइन मोकळी. हे इतकं सुबक बसत होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आता त्यात खोट काय, ते सांगतो. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचं वजन बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. डोंबिवलीच्या भाषेत सांगायचं तर नळाला दर मिनिटाला पेलाभर पाणी येतंय, बादलीत आठ पेले मावतात, आणि मी पेल्यालाच बादली समजून सगळ्यांना आंघोळीचं आमंत्रण दिलं. आठ मिनिटं नव्हेत, आठ अठ्ठे चौसष्ट. आज माझ्या घरची लाइन शंभर मेगाबिटची आहे. आठाने भागलं तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ते मासे सव्वा सेकंदात येतील. मी अजून उतरवून पाहिलेले नाहीत.

मोडेम कोकलला, जोडणी झाली, पट्टी सरकू लागली. म्हणजे सरकल्यासारखी वाटली. पक्याने बिरड्याच्या पातेल्यात बोट घातलं. तेवढ्यात दारात सुलभाताई. मोतिया रंगाची साडी, केस बांधलेले, खांद्याला रंगभूषेची पिशवी. वर तिला चैन पडत नव्हती म्हणून ती खालीच येऊन बसली होती. जिन्यातून तळलेल्या बोंबलांचा वास येत होता, रविवार होता.

"काही आला नाही ना रे फोन?"

"नाही ताई. लाइनवर जरा काम चाललंय. आठ मिनिटं. अकराच्या आत मोकळी."

"नक्की?"

"हिशेब केलाय मी."

"मग काय," ती म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. "तू म्हणतोस म्हणजे होणारच." आणि डोळे मिटून ओठातल्या ओठात तिचं नाटक सुरू झालं.

तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं. पट्टीखाली बारीक अक्षरांत आकडा आला होता. उरलेला वेळ, एक तास, दोन मिनिटं.

मला वाटलं यंत्र येडं झालंय. मग वेग पाहिला. सेकंदाला चार. तेहतीस नव्हे, चार. तेहतीसला कितीने भागलं की चार येतात, हे कळायला हुशारी लागत नाही. मला त्या क्षणी कळलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एक बटण दाबलं की लाइन मोकळी होणार होती. पण मग मासे पुन्हा पहिल्यापासून उतरवावे लागले असते, पक्याने सोमवारी वर्गभर सांगितलं असतं, आणि सुलभाताईला म्हणावं लागलं असतं, 'ताई, माझा हिशेब चुकला.' हे वाक्य मी तोवर कुणालाच म्हटलेलं नव्हतं. मी उठलो, खुंटीवरचं ते फुलाफुलांचं कव्हर काढलं आणि मॉनिटरवर टाकलं. झालर नीट खाली ओढली.

"हे कशाला?" पक्याने विचारलं.

"पडदा तापतो."

सुलभाताईने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी वळवून जिन्याकडे तोंड करून बसली.

पुढचा तास मला अजून जसाच्या तसा भोगता येतो. अकरा वाजले. "झालं का रे?" "होतच आलंय, ताई." सव्वाअकरा. "लाइन जरा सुस्त आहे आज, गरम व्हायला वेळ घेते." लाइन गरम होते! मी आज माझ्या हाताखालच्या पोरांना हे सांगत नाही, नोकरी जाईल. साडेअकराला ती उठून संगणकाच्या टेबलापर्यंत आली, कडेला हात लावून उभी राहिली, कव्हर घातलेल्या मॉनिटरकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत जाऊन बसली. तिला बाहेरच्या बूथवरूनही फोन करता येणार नव्हता. व्यवस्थापक कुठून बोलणार तेच ठाऊक नव्हतं, आणि आपण बूथकडे गेलो आणि इकडे घंटी वाजली तर? ओठ हलणं केव्हा थांबलं ते मी पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. मी कव्हरच्या फुलांकडे पाहत होतो.

बारा वाजून गेल्यावर मासे आले. मी वायर काढली, रिसीव्हर नीट ठेवला आणि काही मिनिटांतच घंटी वाजली. ती माझ्या आधी पोहोचली. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अहो बाई, तासभर लावतोय! सतत व्यस्त! घेतली मी दुसरी, पोचलीसुद्धा ती!" सुलभाताई म्हणाली, "हो... हो, बरोबर आहे तुमचं. नाही, नाही, तुमचा काय दोष." रिसीव्हर ठेवला, क्रोशाचा रुमाल त्यावर पुन्हा सरळ केला आणि पिशवी उचलली.

"लाइनच खराब आहे, ताई," मी म्हणालो. "मी तक्रार करतो."

"असू दे रे बाळा," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

मासे मात्र उत्तम होते. संध्याकाळी आई परत आली तेव्हा पडद्यावर पिवळा मासा डावीकडून उजवीकडे जात होता. "अगं बाई!" म्हणून तिने ठोके देऊन सगळ्या इमारतीला खाली बोलावलं. लोक चपला काढून आत आले. सुलभाताईसुद्धा आली, साधी साडी नेसून. तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान आहेत." तिच्या जागी गेलेली मुलगी पुढे मालिकांमध्ये सासू झाली. वीज गेली तरी तिचा चेहरा मला दिसत असे. सुलभाताईला व्यावसायिक नाटकातून पुन्हा फोन आला नाही. ती बँकेतून निवृत्त झाली आणि गणपतीतली पोरांची नाटकं बसवत राहिली.

आणि मी? मी आठाने भागायच्या धंद्यात आलो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात माझं काम हेच आहे. जुन्या काळी घेतलेल्या लाइनी नव्या मापात बसवायच्या. चौसष्ट किलोबिटची लाइन म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट, दोन मेगाबिट म्हणजे जेमतेम पाव मेगाबाइट. दिवसभर भागतो. या उन्हाळ्यात मानसी नावाच्या नव्या मुलीने एका ग्राहकाला बिटच्या जागी बाइट लिहून दिले आणि मी तिच्यावर इतका ओरडलो की पँट्रीवाला कप घेऊन दारातच थांबला. ती शांतपणे म्हणाली, "सर, चुकलं. आत्ता दुरुस्त करते. आठपटच तर आहे." तिने ग्राहकाला फोन लावला, "माझा हिशेब चुकला, सॉरी," म्हणाली आणि ठेवला. सगळं व्हायला एक मिनिटही लागलं नाही. मी त्या दिवशी लवकर निघालो आणि घोडबंदरच्या कोंडीत गाडीत बसून राहिलो. हॉर्न देणाऱ्यांना वाटलं असेल, या माणसाची गाडी बंद पडलीय.

जुनी इमारत पाडायला निघाली होती. आईने तिथे ठेवलेली एक ट्रंक आणायचं निमित्त करून मी पुढच्याच रविवारी डोंबिवलीला गेलो. आमचं घर रिकामं होतं. खिडकीबाहेर हात काढला आणि किल्लीने पाइपावर तीन ठोके दिले. मधल्या काळात पाइप प्लास्टिकचा झाला होता. थप, थप, थप. वरून आवाज आला, "कोण आहे रे? जायच्या आधी पाइप फोडतोस काय?"

मी वर गेलो. सुलभाताई सामान बांधत होती. केस पांढरे, आवाज तोच. जाजमावर बसलो आणि सगळं सांगितलं. आठ मिनिटं, सेकंदाला चार, उरलेला वेळ, झालर. ती दोरीची गाठ मारायची थांबली.

"म्हणजे कव्हराखाली घड्याळ होतं?"

"हो."

"आणि खरंच मासे होते?"

"म्हणजे?"

ती हसायलाच लागली. डोळ्यांना पदर लावून हसली. "अरे मेल्या! मला वाटलं, दोन पोरं, घरात कोणी नाही, मला पाहून झाकपाक करतायत, म्हणजे काहीतरी भलतंसलतं बघत असणार! म्हणून तर मी तोंड फिरवून बसले. साडेअकराला उठले होते, कव्हर काढून म्हणणार होते, बंद कर हे. मग म्हटलं, नको. मित्रासमोर पोराची लाज जाईल. संध्याकाळी मासे दाखवलेस तेव्हा वाटलं, वा! झाकायला काय शोधलंय!"

मला हसता आलं नाही. माझी लाज राखायला ती खुर्चीवर बसून राहिली होती, जिन्याकडे तोंड करून, केस बांधून. आणि माझ्याजवळ राखण्याजोगं काय होतं तर एक भागाकार.

"चुकलं माझं," मी जाजमाकडे बघून म्हणालो.

तिचं हसू थांबलं. मग तिने हातातली दोरी खाली ठेवली, उठली, आणि रिकाम्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"काय पुटपुटतोयस?" ती म्हणाली. "उभा राहा. मान वर."

मी उभा राहिलो. वय वर्षे सत्तेचाळीस, हातात गाडीची किल्ली.

"सुलभाताई, उरलेला वेळ मला दिसला होता. तो मी झाकला. फोन तुझा होता, आणि मी तो अडवून ठेवला. माझं चुकलं."

"शेवटच्या रांगेत ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता हसत नव्हता.

मी छाती भरून श्वास घेतला. जिन्यात कपाट उतरवणारे हमाल थांबले, खाली कुणाचं तरी दार उघडलं.

"माझं चुकलं, ताई!"